नाल्यावर झाकण टाकू नका: एका गॅरेजवाल्याचं आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त साहेब आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
आमच्या शहराची महानगरपालिका

विषय: जुन्या गावातल्या नाल्यावर स्लॅब टाकण्याचं काम थांबवणे आणि रस्त्यावरचं पावसाचं घाण पाणी नाल्यात पडण्याआधी माती-झाडांतून गाळून घेणे, याबाबत.

स.न.वि.वि.

शहराचं नाव पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. मराठवाड्यातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात कुणी हे वाचलं तर त्याला आपल्याच गल्लीचं वाटायचं, तेव्हा नावावाचून काही अडत नाही. तीन निवेदनं दिली, तिन्हींच्या पोचपावत्या फाइलला आहेत. उत्तर म्हणून जेसीबी आला. म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

माझं दुचाकीचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षांपासून. मागं आमचा जुना वाडा, समोर गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाला नाला. वरच्या बाजारपेठेचा सगळा उतार आमच्या दारावरून जातो. आधीच कबूल करतो की नाल्यात जाणाऱ्या काळ्या पाण्यात माझा वाटा आहे, आणि लहान नाही. जळकं ऑइल आम्ही कॅनमध्ये भरतो, सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला घेऊन जातात. पण फिल्टर बदलताना सांडलेलं, चेन धुतलेलं, फरशीवर मुरलेलं ते कोण नेणार? ते पावसाची वाट बघत पडून राहतं.

आपल्याकडं पावसाळ्याचे चार महिने सोडले तर रस्त्यावर सगळं साचतच जातं. टायरची झीज, ब्रेक लायनरची भुकटी, रिक्षांचं गळणारं ऑइल, पत्र्यांवरचं जस्त, शेण, बांधकामाची चुरी. मृगाची पहिली सर आली की पंधरा-वीस मिनिटांत ते एकदम सुटतं. त्या वेळी माझ्या शटरसमोर येऊन उभं राहा साहेब. डांबरासारखं पाणी येतं, त्यावर मोरपिशी तवंग, आणि वास असा की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतं. तासाभरानं तेच पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. म्हणजे घाण वर्षभराची असली तरी बहुतेक सगळी त्या पहिल्या लोंढ्यात असते. धरायचा तो लोंढा. सगळा पाऊस धरायची गरज नाही.

तो किती असतो, याचा हिशेब माझ्या लेकीनं घालून दिला. ती सिव्हिलची डिप्लोमा झाली आहे. गल्लीचा रस्ता तीस फूट, म्हणजे नऊ मीटर. शंभर मीटर लांबीवर एक इंच पाऊस पडला की साडेबावीस हजार लिटर पाणी होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. माझे मामा लातूरला. त्या पाण्यासाठी त्यांनी रात्री घागरी लावल्यात. आमच्यासारख्या बावीस-तेवीस गल्ल्यांवर एक इंच पडला की तेवढं पाणी होतं. ते आपण तेल कालवून नालीत सोडतो, तिथून नाल्यात, नाल्यातून नदीत. मराठवाड्यातलं बहुतेक पाणी शेवटी गोदावरीला मिळतं. खालच्या गावाची नळयोजना आपल्या नाल्याच्या पुढंच असते, एवढं लक्षात घ्यावं.

पूर्वी असं नव्हतं म्हणायला मी म्हातारा नाही, पण वाड्याचं माळवद मी पाहिलंय. पन्हाळीतून पडलेलं पाणी अंगणात, अंगणातून परसात, उरलं तर गल्लीच्या शहाबादी फरशीच्या फटींत. आता घरावर स्लॅब, रस्ता सिमेंटचा, कडेला गट्टू. गट्टूंच्या फटींतून पाणी मुरतं असं इस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं. खाली चार इंच काँक्रीट ओतून वर गट्टू बसवल्यावर ते कुठं मुरणार, हे गुत्तेदारानं मला एकदा दाखवावं.

आता माझी चूक सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं पटणार नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे काढले, उघड्या गटारी बंद केल्या आणि डास घालवले, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ते बघून मीही गॅरेजच्या दारात शोषखड्डा काढला. सहा फूट खोल, खाली दगड, मध्ये विटांचे तुकडे, वर वाळू. पहिला पाऊस आला, सगळं काळं पाणी गपकन आत गेलं. गल्लीत माझं कौतुक झालं. श्रावणात आईनं मागच्या आडातून बादली काढली, तुळशीला पाणी घालायला. बादली खाली ठेवून मला हाक मारली. पाण्यावर तवंग होता. बोट फिरवलं तर चिकटलं, नाकाशी नेलं तर डिझेल. तो आड माझ्या आजोबांच्याही आधीचा. २०१६ च्या दुष्काळातही त्याच्या तळाला पोहऱ्याभर पाणी होतं.

टेंभुर्णीचं चुकलं नव्हतं. त्यांचं पाणी मोरीचं, सांडपाण्याचं, माझं तेलाचं. आणि आपल्याकडं खाली बेसाल्ट. वर काळी माती असेल तर ती भिजून फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तुंबतं. ती उकरून मुरमापर्यंत गेलं की पाणी खडकाच्या सांध्यांतून थेट पळतं. गाळलं जायला त्याला वेळच मिळत नाही. घाण पाणी नजरेआड करणं आणि ते साफ करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला माझ्या आडानं शिकवलं. तो उपसून घेतला, दोन वर्षं झाली, आई अजून ते पाणी तुळशीला घालत नाही.

मग लेकीनं हातात घेतलं. खड्डा बुजवला. दारासमोरच्या हजारेक चौरस फूट जागेचं पावसाचं पाणी घ्यायला पंधरा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल असा चर खणला. तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा कागद अंथरला, म्हणजे थेंबही आडाकडं जाणार नाही. त्यावर नऊ इंच खडी आणि खडीत भोकं पाडलेला पाइप. मग तीन इंच चुरी. मग दीड फूट मिश्रण: तीन पाट्या वाळू, दोन पाट्या चांगलं कुजलेलं खत. वरचे सहा इंच मोकळे ठेवले, पाणी उभं राहायला. मिश्रणात कर्दळ, वाळा आणि कडेला निर्गुडी. पाणी आत शिरायच्या आधी तीन कप्प्यांचा छोटा हौद; गाळ आणि वरचं तेल तिथंच अडतं, ते आठवड्याला मी डब्यानं काढून कॅनमध्ये भरायचो. गाड्या धुतलेलं पाणी चरात सोडायचं नाही, हा तिचा नियम. पोरं पहिल्या महिन्यात दोनदा विसरली आणि दोनदा बोलणी खाल्ली.

दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एक चराच्या तोंडाशी भरली, एक पाइपाच्या शेवटाशी. पहिलीच्या पलीकडचं बोट दिसत नव्हतं. दुसरीतलं पाणी सुरुवातीला कोऱ्या चहासारखं आलं, ते खताचं. तिसऱ्या-चौथ्या पावसापासून स्वच्छ. मी लगेच प्यायला निघालो होतो. लेक म्हणाली, "बाबा, रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. तपासून घ्यावं लागतं." म्हणून माझी पुढची एक मागणी तपासणीची आहे.

यात जादू काही नाही. गाळ वाळूत अडकतो. शिसं, तांबं, जस्त बरंचसं खताला आणि मातीच्या कणांना चिकटून बसतं. तेल मुळांभोवतीचे जंतू हळूहळू खातात. मुळं मिश्रण भुसभुशीत ठेवतात, नाहीतर वरचा थर गाळानं बसून जातो. टायरचा विषय माझा रोजचा, म्हणून तिनं सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अमेरिकेत सिॲटलच्या ओढ्यांमध्ये कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला यायचे आणि पावसानंतर काही तासांत मरायचे. शोधता शोधता २०२० साली कारण हाती लागलं. टायर तडकू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोननं त्याचं दुसरं रसायन बनतं, आणि तेच माशांना मारत होतं. पण त्याच्याही आधी तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि खताच्या थरातून गाळून त्यात मासे सोडून पाहिले होते. ते जगले. तिथलंही प्रमाण तीनास दोनच आहे. आपल्या नाल्यात सामन नाही, पण सव्वीस वर्षांत मी किती टायर बदलले असतील!

चर दोन पावसाळे चालला. मार्चमध्ये नाल्यावर बंदिस्त आरसीसी गटार आणि वर पार्किंगचं काम निघालं. आखणी करताना चर दीड फूट सार्वजनिक जागेत येतो असं सांगितलं. येतो, मी नाकारत नाही. दीड फूट काढून घ्यायला मी तयार होतो. दुपारी जेवायला घरात गेलो, परत येईपर्यंत जेसीबीनं सगळाच उचलला होता. शेततळ्याचा कागद ट्रॉलीतून लोंबत होता. माझ्याच ओळीत तीन दुकानांच्या पायऱ्या चार-चार फूट बाहेर आहेत. त्या जिथल्या तिथं आहेत.

माझ्या चराचं नुकसान मी गिळलं असतं. पण ज्या कामासाठी तो गेला ते कामच चुकीचं आहे, आणि त्याबद्दलच्या माझ्या तक्रारी या.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार स्लॅबची. झाकल्यावर पाणी साफ होत नाही, दिसेनासं होतं. माझ्या शोषखड्ड्यानं केलं तेच महापालिका लाखो रुपये घालून करणार आहे, फक्त मोठ्या मापात. उघड्या नाल्यातला गाळ आज निदान काढता येतो. बंद पेटीत माणूस उतरवायचा का? आत विषारी वायूनं माणसं मरतात, हे आपण पेपरात वाचतो. आणि पार्किंग म्हणजे आणखी गाड्या, आणखी गळणारं ऑइल, थेट नाल्याच्या डोक्यावर. छत्रपती संभाजीनगरात २०२१ पासून खाम नदीचं काम झालं ते पात्र उघडं ठेवून, काठ मोकळे करून, झाडं लावून. आपल्या अधिकाऱ्यांनी तिथं एक दिवस जाऊन यावं. जाता जाता पाणचक्कीही बघावी, तिच्या शेजारूनच ती नदी जाते.

दुसरी तक्रार नालेसफाईची. दर मे महिन्यात गाळ काढतात आणि काठावरच ढीग लावतात. फोटो निघतो, बिल निघतं, आणि मृगाच्या पहिल्या सरीत ढीग परत नाल्यात. हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तिसरी, सुशोभीकरणाची. मुख्य रस्त्याचा दुभाजक रस्त्यापेक्षा दीड फूट उंच आहे, त्यात माती, मातीत शोभेचे पाम, आणि त्यांना टँकरनं पाणी. पाऊस पडला की रस्त्याचं पाणी दुभाजकात शिरू शकत नाही. उलट दुभाजकाची माती रस्त्यावर येते आणि नाली तुंबवते. ताट पालथं मांडलंय साहेब. तोच दुभाजक रस्त्यापेक्षा वीतभर खाली ठेवला, काठाला दर दहा फुटांवर कापा दिल्या, तर रस्ता स्वतःच त्याला पाणी पाजेल आणि गाळूनही घेईल. चौकातल्या प्लास्टिकच्या हिरवळीबद्दल मी काही लिहीत नाही. ती धुवायला माणूस ठेवलाय, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौथी, झाडांची. नाल्याकाठच्या चार लिंबांच्या बुडाला खोडापर्यंत काँक्रीट गेलंय. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. ती माती मोकळी असती तर गल्लीचं थोडं पाणी तिथंच जिरलं असतं. यंदा त्यातल्या एका लिंबाला पालवी नाही.

आणि आम्हा गॅरेजवाल्यांची: जळकं ऑइल जमा करायला अख्ख्या शहरात महापालिकेचं एकही ठिकाण नाही. दंड करायला मात्र माणूस येतो. दंड करा, पण आधी कॅन कुठं न्यायचा ते सांगा.

झोन ऑफिसात साहेब लोकांनी ज्या शंका काढल्या त्यांचंही सांगतो. डेंग्यू होईल म्हणाले. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. बरोबर बांधलेला चर एक-दोन दिवसांत कोरडा होतो, माझा संध्याकाळचा पाऊस सकाळपर्यंत उतरायचा. दाट वस्तीत जागा नाही म्हणाले. जेवढ्या जागेचं पाणी घ्यायचं तिच्या पाच ते दहा टक्के जागा पुरते. दुभाजक, झाडांची आळी, शाळेच्या मैदानाची कड, नाल्याचा काठ मिळून ती निघते. पार्किंगला निघाली की! उन्हाळ्यात झाडं मरतील म्हणाले. पाम मरतील. निर्गुडी आणि करंज आपल्या ओढ्यांना कुणाच्या टँकरवर वाढतात?

एक शंका मात्र खरी आहे आणि ती मीच मांडतो. यानं संडासाचं पाणी साफ होणार नाही. नाल्याला जोडलेली घरांची ड्रेनेजं वेगळी काढून मलनिस्सारण केंद्राकडं न्यावी लागतील, ते काम यानं टळत नाही. पाण्यात विरघळलेले क्षारही वाळूत अडकत नाहीत. आणि देखभाल लागते. वरचा दोन इंच थर बसला की खरवडून बदलायचा, हौदातला गाळ काढायचा. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात आपली महापालिका दरवर्षी भाग घेते, बोर्ड लागतात. खड्डे खणून फोटो काढून विसरायचं असेल तर हेही करू नका. तुंबलेला चर गटारापेक्षा वाईट.

तर मागण्या. नाल्यावरचा स्लॅब आणि पार्किंगचं काम आजच्या स्थितीत थांबवावं आणि त्याचं इस्टिमेट प्रभागाच्या बैठकीत लोकांपुढं ठेवावं. पहिल्या पावसाचा लोंढा धरणारे चर तीन जागी करून पाहावेत: आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भाजी मंडईच्या उताराला आणि बसस्टँडमागं. जिथं शंभर फुटांत आड, विहीर किंवा बोअर आहे तिथं तळाला कागद आणि पाइप असल्याशिवाय एकही चर करू नये, शोषखड्डा तर नाहीच. या मृगाच्या पहिल्या पावसात नाल्याच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घ्यावेत, तेल, शिसं, जस्त आणि गाळ तपासावा, आणि आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावावेत. काढलेला गाळ दोन दिवसांत उचलल्याशिवाय नालेसफाईचं बिल काढू नये. जुन्या ऑइलसाठी एक ठिकाण आणि एक अधिकृत घेणारा ठरवून द्यावा. आमच्या ओळीतली सगळी गॅरेजं तिथं ऑइल आणतील, याची लेखी हमी मी गोळा करून देतो. चार लिंबांभोवतीचं काँक्रीट मीटरभर फोडावं. आणि चराच्या कामाचं टेंडर काढलंत तर तीन वर्षांची देखभाल त्याच गुत्तेदाराच्या गळ्यात बांधावी.

माझा चर होता तसा परत करून द्या, असं मी म्हणत नाही. दीड फूट आत घेऊन मी तो माझ्या खर्चानं पुन्हा खणायला तयार आहे. नव्या गटाराची भिंत उभी राहायच्या आधी पाइप नाल्यात सोडायला चार इंचांचं एक भोक ठेवा, एवढी परवानगी लेखी हवी. जेसीबी गेल्यावर मातीच्या ढिगातून कर्दळीचे कंद आम्ही वेचून आणले. ओल्या गोणपाटात गुंडाळून शटरच्या आत ठेवलेत, लेक रोज पाणी शिंपडते. काहींना कोंब आलेत. मृग लागायच्या आत उत्तर आलं तर ते वेळेत लागतील.

आपला विश्वासू,
नाल्याच्या तोंडाचा गॅरेजवाला